मधल्या रेषेची दोरी

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. इथे सतरंजी रिकामी आहे. या देवळात नाना असताना कुणी मागे उभं राहिलेलं मला आठवत नाही. ते हाताला धरून पुढे आणायचे आणि म्हणायचे, "बस रे, तुझ्या बापाचीच सतरंजी हाय."

नानी, मुंबईहून आलेली मंडळी, महाडहून आलेले खेळाडू, आपल्या वाडीतले सगळे काका, काकी, आणि तात्या.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. मी काय बोलणार? मी कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा. माझ्याआधी बोलले ते सगळे मोठे, कमावते. पण मग वाटलं, इतरांनी सांगितलं नाही तरी चालेल असं पुष्कळ आहे, आणि मी सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नाही असं एकच आहे. म्हणून उभा राहिलो. कागदावर लिहून आणलंय. नाना मला नेहमी सांगायचे, "मंग्या, तू तोंडानं बोलू नको. तोंडानं बोललास की भांडतोस. लिहून काढ." तर लिहून काढलंय. वाचतो. मध्ये थांबलो तर थोडं थांबा.

गेले तीन महिने वाडीत एक गोष्ट बोलली जाते. चावडीवर, एसटीत, अगदी नानांच्या मयतीला आलेल्या लोकांतही ती हळू आवाजात चालली होती. गणपत उतेकरांनी, म्हणजे आपल्या नानांनी, जाता जाता शेजाऱ्याचा बांध सरकवला. हातभर जमिनीसाठी. ही गोष्ट खरी की खोटी, ते मी आज सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

पण आधी नाना. कारण नवीन मुलांना नाना माहीत आहेत ते शिट्टीवाले, टोपीवाले. त्याआधीचे नाना त्यांना माहीत नाहीत.

नाना दहावी नापास होऊन मुंबईला गेले. आपल्या गावकीच्या खोलीत राहिले. ज्यांनी ती खोली पाहिली आहे त्यांना सांगायला नको. एका खोलीत वीस ट्रंका, आणि झोपायला पाळ्या. नाना सांगायचे, "माझी पाळी दुपारची. दुपारी झोप येईना, म्हणून मैदानावर जाऊन बसायचो. बसून बसून फुटबॉल खेळायला लागलो." बूट नव्हते. अनवाणी खेळायचे. आपल्या डोंगरातले पाय, त्यांना मैदानाचं काय! एका कंपनीच्या माणसाने त्यांना खेळताना पाहिलं आणि टीममध्ये घेतलं. टीममध्ये घेतलं म्हणजे नोकरीही लागली. नाना लेफ्ट बॅक. म्हणजे डाव्या बाजूचा राखणदार. नानी म्हणतात, "लग्न झालं तवा मला सांगितलं, कंपनीत राखणदार हाय. मला वाटलं वॉचमन."

हसा हो. नाना असते तर तेच पहिले हसले असते.

नऊ वर्षं ते लेफ्ट बॅक खेळले. गोल किती मारले विचाराल, तर एक. तोही आपल्याच गोलात. हे मी सांगत नाही, ते स्वतः सांगायचे, प्रत्येक नवीन मुलाला, पहिल्याच दिवशी. का, ते मला फार उशिरा कळलं. पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठी चूक सांगून टाकली की पुढे लपवायला काही उरत नाही.

त्या कंपनीच्या टीमला एका हंगामासाठी एक इंग्रज साहेब कोच म्हणून आला होता. खरा इंग्लंडातला, एके काळी तिकडे मोठ्या टीममधून खेळलेला. त्याचं नाव नानांनी कधी घेतलं नाही, नुसतं साहेब म्हणायचे. पण त्याची सगळी कारकीर्द त्यांना पाठ होती. पोरगा होता तेव्हा खेळायला लागला. मग नाव झालं. मग गुडघा गेला. मग कोच झाला. मग मॅनेजर झाला. मग टीम हरायला लागली तेव्हा काढून टाकला. मग दुसऱ्या गावच्या टीमने घेतला, तिथूनही काढला. असं होत होत म्हातारपणी मुंबईच्या उन्हात येऊन उभा राहिला. नाना म्हणायचे, "तिकडं हरला की काढून टाकतात. आपल्याकडं बोलणं बंद करतात. काढून टाकलेलं बरं रे. माणूस दुसऱ्या गावाला तरी जातो."

त्या साहेबाने नानांना एकच गोष्ट शिकवली. बॉल पायाशी यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं. मागे कोण आहे, किती लांब आहे, ते आधी बघायचं. बॉल आल्यावर बघून उपयोग नाही. नानांनी तीच गोष्ट आम्हाला वीस वर्षं शिकवली. "मान वळव! मान वळव रे!" हा आवाज आपल्या वाडीत म्हशींनासुद्धा ओळखीचा आहे.

मग नानांचाही गुडघा गेला. साहेबासारखाच. मग ते कोचच्या हाताखाली राहिले, मग कोच झाले, मग मॅनेजर. मी एकदा विचारलं, नाना, मॅनेजर म्हणजे नक्की काय? म्हणाले, "लिंबं, बरफ आणि भांडणं. लिंबं कापायची, बरफ आणायचा, भांडणं मिटवायची." मग कंपनीने टीमच बंद केली. नाना टेबलावर बसून उरलेली नोकरी संपवून गावाला आले. येताना ट्रंकेत काय आणलं? एक शिट्टी, दोन बॉल, एक पंप.

आता खाचरांचं. महाडहून आलेल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या वाडीत सपाट जागा नाही. डोंगरउतारावर एकाखाली एक भातखाचरं. त्यांतली दोन सगळ्यात मोठी. वरचं नानांचं, खालचं तात्या शेलारांचं. मध्ये बांध. नाना गावाला आले त्या वर्षी भात कापून झाल्यावर बांधावर उभे राहिले आणि त्यांना दिसलं की मधला बांध काढला तर मैदान होतं. मग तात्यांच्या ओटीवर गेले. पुढचं मी अनेकदा ऐकलंय, दोघांच्याही तोंडून.

नाना म्हणाले, "तात्या, बांध काढतो."

तात्या म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? बांधासाठी लोक कोर्टात जातात नि तू काढतो म्हणतोस?"

"दिवाळीला काढतो, मे महिन्यात परत घालतो. जिथं होता तिथंच. दोन टोकाला हद्दीचे दोन दगड हायत. दगडापासून दगडापर्यंत दोरी ताणायची. एक टोक तू धर, एक मी धरतो."

"नि मधी काय करणार?"

"मधी पोरं खेळतील."

तात्या, तुम्ही तेव्हा काय म्हणालात? "खेळू दे. पण दोरीचं टोक मी धरणार."

तेव्हापासून दर वर्षी तसंच झालं. दिवाळीनंतर दोघं म्हातारे दोरी ताणायचे, आणि दोरीवर चुन्याची फक्की पडायची. तीच आमची मधली रेषा. अशी मधली रेषा दुसऱ्या कुठल्या मैदानाला असेल? रेषेच्या अलीकडे नानांची जमीन, पलीकडे तात्यांची. मॅच सुरू व्हायच्या आधी नाना आम्हाला त्या रेषेवर अनवाणी उभं करायचे. हात मागे. एक मिनिट गप्प. डोळे मिटू द्यायचे नाहीत. "खाली बघा. ही जमीन कुणाची तरी हाय. आठवण ठेवा नि मग बूट घाला."

आणि मे महिन्यात जे खेळले त्यांनीच बांध घालायचा. हा नियम. मोठा खेळाडू असो की नवा. आधी दोरी ताणायची, दोरीखाली दगडांची रांग, मग माती, ओढ्यावरून हंडे भरून पाणी, मग चिखल पायांनी तुडवायचा. नीट तुडवलेला बांध चार महिने पाणी धरतो. नाना म्हणायचे, "टीम कशी हाय ते मॅचमधी नाय कळत, बांधावर कळतं."

मैदान उतरतं. वरून खाली बॉल आपोआप पळतो. बाहेरच्या टीमा चिडायच्या. नाना टॉस जिंकले की आधी चढ मागून घ्यायचे. "दम हाय तवर चढ खेळा. दमल्यावर उतार आपला." पाचाडला आपण जिंकलो तेव्हा तिथे सपाट मैदान होतं, आणि आपली पोरं दुसऱ्या हाफला उतार शोधत होती. तरी जिंकलो. त्या दिवशी नाना टेम्पोत मागे बसले, पुढे बसले नाहीत. जिंकल्यावर ते नेहमी मागे. हरल्यावर पुढे.

हे मला आधी कळलं नव्हतं. कळलं ते सवला, गरम पाण्याच्या कुंडावर.

महाडच्या एका मॅचमध्ये मी रेफ्रीची कॉलर धरली. इथे बसलेल्यांतले निम्मे तेव्हा तिथे होते. मी चुकलो होतो. बॉल माझ्याच हाताला लागला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी धरली. मॅच गेली. बाहेर लोक जमले, आरडाओरडा, कुणीतरी चप्पल दाखवली. आम्ही शाळेच्या एका वर्गात बसलो होतो, दार लावून. नाना उठले, दार उघडलं, आणि एकटे बाहेर गेले. अर्धा तास त्या लोकांचं ऐकत उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, "चला, सवला जाऊ. मंग्याचा घोटा सुजलाय."

आपल्या टीमचा डॉक्टर म्हणजे सवचं गरम पाणी. नाना प्रत्येक दुखऱ्या पायाला तिथे घेऊन जायचे. आम्ही कुंडाच्या काठावर पाय सोडून बसलो. पाणी एवढं गरम की बोलायला सुचेना. मला वाटलं, आता शिव्या देतील. नाना म्हणाले, "मी साहेबाला विचारलं होतं, मॅनेजर म्हणजे काय? साहेब म्हणाला, हरल्यावर दार उघडून पहिला बाहेर जातो तो. बाकी सगळं कोणीही करतं."

मी म्हटलं, "नाना, पण चूक माझी होती."

"मग पुढल्या टायमाला दार तू उघड."

एवढंच. परत घोटा बघितला, आणि गुडघ्यापर्यंत पँट वर करून स्वतःचाही पाय पाण्यात सोडला.

मंडळी, आता मे महिन्याचं सांगतो. हे सांगायला अवघड आहे. पण पुढल्या टायमाला दार तू उघड, असं ते म्हणाले होते, आणि पुढला टाइम येऊन गेला.

महाडच्या कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव मी घेणार नाही. ती आपल्या वाडीतली नाही, आपल्या तालुक्यातलीही नाही, तेव्हा कुणी उगाच हिशोब लावत बसू नका. तिला मी कधी काही बोललो नाही. एसटी स्टँडवर तिची गाडी सुटेपर्यंत मी दुसऱ्या फलाटावर उभा असायचो, एवढंच. तिचा यात काही दोष नाही. तिला यातलं काही ठाऊकही नाही. फेब्रुवारीत तिचं लग्न ठरल्याचं कळलं आणि मी कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, शिक्षणात राम नाही. नानांना मात्र खरं कळलं. ते म्हणाले, "बॉल गेल्यावर मान वळवतोस होय रे?" मला राग आला. चार दिवस खेळायला गेलो नाही. पाचव्या दिवशी ते बॉल घेऊन दारात आले, आणि नुसते उभे राहिले. मी गेलो.

मे महिन्यात बांध घालायचा दिवस ठरला. मुंबईकर पोरं परत गेली होती, आम्ही पाचच जण होतो. नानांचा गुडघा धरला होता आणि तात्या लेकीकडे पोलादपूरला होते. नाना म्हणाले, "मंग्या, तू बघशील ना? दोरी खुंटीला हाय. घेऊन जा." मी म्हटलं, बघतो.

आणि त्याच दिवशी तिचं लग्न होतं.

दुपारी मी बाकीच्या चौघांना घरी पाठवलं. म्हटलं, थोडंच राहिलंय, मी करतो. थोडं नव्हतं. ओढ्याकडचा अर्धा बांध राहिला होता. दोरी मी आणलीच नव्हती; सकाळचं काम उरलेल्या फक्कीच्या रेषेवरून केलं होतं, ओढ्याकडे ती पुसली होती. सकाळी घाईत खुंटीवरच राहिली, आणि परत जायचा कंटाळा केला. ओढ्याकडचा हद्दीचा दगड मला दिसत होता. डोळ्याने बघितलं, असा असेल म्हटलं, आणि माती ओढत गेलो. खाली दगड लावले नाहीत. पाणी आणलं नाही. तुडवलं नाही. वरून फावड्याने थापटलं, म्हणजे लांबून बांध दिसावा. मग मित्राची गाडी घेतली आणि महाडला स्टँडवर जाऊन बसलो. कशाला? ती तिथे येणार नव्हती. ज्या फलाटावर तिची गाडी लागायची तिथे जाऊन बसलो, अंधार पडेपर्यंत.

येताना नानांच्या ओटीसमोरून आलो. त्यांनी विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं नाना."

मंडळी, तो बांध मी घातला होता. ओढ्याच्या बाजूला तो हातभर वाकडा गेला, तात्यांच्या जमिनीत, तो माझ्या हाताने गेला. दोरी न लावता घातला म्हणून गेला. नानांनी बांध सरकवला नाही. नाना त्या दिवशी बांधावर आलेच नव्हते.

तात्या, उठू नका. बसा. माझं पुरं होऊ द्या, मग तुम्ही काय बोलाल ते मी ऐकून घेईन.

आषाढात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लावणी होऊन आठ दिवस झाले होते. सलग तीन दिवस कोसळला, आणि वरच्या खाचराचं पाणी नेमकं त्याच ठिकाणी फुटलं. तात्यांच्या खाचरात चिखल बसला. रोपं उपटून खालच्या दगडी गडग्याला जाऊन लागली. ओढ्याकडचा हद्दीचा दगड चिखलाखाली गेला. मी त्या दिवशी मुंबईला नोकरी बघायला गेलो होतो. नाना त्या पावसात घोंगडी घेऊन एकटे गेले. त्या गुडघ्याने. पाणी वाहत असताना दोरी कुठे लावणार? जुना बांध जिथे उरला होता त्याच ओळीत त्यांनी दगड रचले आणि पाणी थांबवलं. माझ्याच वाकड्या ओळीत. आणि लोकांना वाटलं, पावसात एकटे गेले तेव्हाच त्यांनी बांध सरकवला.

पाऊस उघडल्यावर ते दुसऱ्या टोकाच्या दगडापाशी उभे राहिले, आणि त्यांना दिसलं. नऊ वर्षं लेफ्ट बॅक खेळलेला माणूस. रेषा वाकडी असली तर त्याला दोरी लागत नाही.

ते तात्यांच्या ओटीवर गेले. तिथे चार माणसं बसली होती. म्हणाले, "तात्या, चूक झाली. चूक माझी हाय. भात कापल्यावर दोरी लावू नि सरळ करू."

तात्या म्हणाले, "चूक? याला चूक म्हणत नाय गणपत. याला बांध सरकवला म्हणतात. एवढी वर्षं खेळाच्या नावाखाली हेच करायचं होतं का तुला?"

तात्या, तुमच्या जागी कोणीही असता तर हेच म्हणाला असता. तुमचं भात गेलं होतं. बांध खरंच सरकलेला होता. तुम्ही खोटं बोलला नाहीत. फक्त माणूस चुकला.

माझं नाव नानांच्या तोंडात होतं. नुसतं उच्चारायचं होतं. "मंग्यानं घातला," दोन शब्द. नाही उच्चारले. टोपी घातली आणि घरी आले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आणि तात्यांनी सांगितलं, यंदा बांधाला हात लावायचा नाही. मैदान नाही.

मी मुंबईहून आलो, मला कळलं. मी तसाच पळत नानांकडे गेलो. म्हटलं, "मी आत्ता जातो तात्यांकडे. सांगतो."

ते म्हणाले, "आत्ता नको. आत्ता तू रागात हायस. जाशील, सांगशील, नि वर तात्यालाच चार ऐकवून येशील."

खरं होतं. मी तेच करणार होतो.

"नि मंग्या, मी तुझं नाव घेणार नाय. तूच घ्यायचंस. पण ओटीवर जाऊन कानात नको. त्यानं मला चार लोकांत बोललंय. तू पण चार लोकांतच बोल."

मी म्हटलं, बोलतो. गटारीला बोलतो म्हटलं, बोललो नाही. नारळी पौर्णिमेला म्हटलं, बोललो नाही. गणपतीत सगळी वाडी असते, आरतीनंतर बोलतो म्हटलं. आरती झाली, प्रसाद वाटला, मी प्रसाद खाल्ला आणि घरी आलो. नाना समोरच्या खांबाला टेकून बसले होते. माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. बॉल पास करायच्या आधी बघतात तसं. मी तयार आहे का, ते बघितलं. मी मान खाली घातली.

रागीट मुलगा म्हणून मला सगळे ओळखतात. रेफ्रीची कॉलर धरायला मला वेळ लागला नव्हता. आणि चार शब्द बोलायला तीन महिने पुरले नाहीत. राग आणि हिंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला असं कळलं.

विसर्जनानंतर आठव्या दिवशी सकाळी नाना ओटीवर बॉलमध्ये हवा भरत बसले होते. मैदान मिळणार नव्हतं, तरी भरत होते. नानी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा पंप हातात होता. नाना गेले होते.

परवा मी नानींकडे गेलो. म्हटलं, नानी, ती दोरी द्याल का? नानींनी आतून दोरी आणली. खुंटीवर राहून राहून तिला धूळ बसली होती. नानी म्हणाल्या, "ने. मे महिन्यातच न्यायची व्हती ती. इसरलास."

म्हणजे नानींनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून. आणि त्या मला रोज चहा देत होत्या.

मी विचारलं, "नानी, तुम्ही का नाही बोललात कुणाला?"

"ते म्हनले, पोराला यळ लागतो. मी म्हनलं, लागू दे. आता त्यांनाच यळ नव्हता, ते कुनाला म्हाईत."

ही ती दोरी. इथे ठेवतो, फोटोजवळ. हाराची गर्दी झाली आहे, पण जागा होईल.

तात्या, आता तुमच्याशी बोलतो. मी मैदान मागायला उभा राहिलेलो नाही. मैदान द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, दिलं नाहीत तरी मी तोंड वर करून विचारणार नाही. मी एवढंच मागतो. नानांवरचा शब्द मागे घ्या आणि माझ्यावर ठेवा. तो माझा आहे. भाताच्या लोंब्या वाकल्यात, आता महिन्याभरात कापणी होईल. कापणी झाली की सांगा. ओढ्याकडचा दगड नानांच्या खाचरात बांधाच्या पायथ्याशी निघेल, हातभर आत. मला ठाऊक आहे, मी तो शेवटचा पाहिलाय. चिखल उकरून मी तो मोकळा करीन. दोरी लावू. एक टोक तुम्ही धरा, नेहमीसारखं. दुसरं टोक धरायचा मान माझा नाही, ते नानी धरतील. आणि बांध मी घालीन, मुळापासून, खाली दगड लावून, ओढ्यावरून पाणी आणून, तुडवून. मैदान होवो न होवो. लोकांच्या देखत घालीन. ज्याला बघायचंय त्याने यावं.

आणि टीममधल्या पोरांनो, तुम्हाला एक सांगतो. नाना कोच चांगले होते की नाही, मला माहीत नाही. आपण जिंकलो त्यापेक्षा हरलो जास्त. त्या साहेबाला तिकडे जसं काढून टाकलं तसं नानांनाही कुणी कधीच काढून टाकलं असतं. पण आपण हरल्यावर आपल्याला कधी दार उघडावं लागलं नाही. कधीच नाही. ते आधीच बाहेर जाऊन उभे असायचे. आषाढात तात्यांच्या ओटीवरही तेच केलं त्यांनी. त्यांची शेवटची मॅच ती होती. मी हरलो होतो आणि ते बाहेर गेले.

आज मी आलोय. उशिरा आलोय, पण आलोय.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. देवळात आहोत, पायांत चपला नाहीत, ते बरंच आहे. हात मागे घ्या. दोन मिनिटं गप्प राहू. पण डोळे मिटू नका, नानांना ते चालायचं नाही. खाली बघा. ही जमीन कुणाची तरी आहे. आठवण ठेवा. शिट्टी आज कुणी वाजवणार नाही, नानी बसल्या की आपण बसू.

नाना, मे महिन्यात मी तुम्हाला झालं म्हणून सांगितलं होतं. झालेलं नाही. झालं की सांगायला येतो.